रंगचक्र आणि रंगसंगती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रेड परीक्षेला बसलेली मुलं, त्यांचे पालक, घराला रंग काढायला निघालेली मंडळी आणि साडीवर ब्लाउजपीस शोधून दमलेल्या ताई, या सगळ्यांकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. घाईत असाल तर निदान प्रश्न ४ वाचा, कारण पुढची निम्मी उत्तरं त्याच्या आधाराने उभी आहेत.

१. रंगचक्र म्हणजे नेमकं काय? इंद्रधनुष्यात तर रंग ओळीने असतात, मग ते गोल का काढतात?

कोणता रंग कोणाच्या शेजारी बसतो आणि कोणापासून लांब, हे एका नजरेत दाखवणारी आकृती म्हणजे रंगचक्र. शाळेत ‘ता-ना-पि-हि-नि-पा-जा’ पाठ केलेलं आठवत असेल. ती सरळ ओळ आहे: एका टोकाला तांबडा, दुसऱ्या टोकाला जांभळा. ही ओळ वाकवून तिची दोन टोकं जोडण्याचं काम आयझॅक न्यूटनने केलं. १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकाशावरच्या ग्रंथात त्याने सात रंगांचं वर्तुळ छापलं. सातच का, तर त्याला संगीतातल्या सात स्वरांशी मेळ घालायचा होता. त्याचे भागही त्यामुळे सारखे नाहीत.

टोकं जोडण्याला मात्र भक्कम कारण आहे. तांबडा आणि जांभळा ओळीत एकमेकांपासून सर्वांत लांब असले तरी डोळ्याला नातेवाईक वाटतात, आणि त्यांच्या मधे राणी, गुलबक्षी असे रंग सहज बसतात. हे रंग इंद्रधनुष्यात कुठेच नसतात. तांबड्या टोकाचा आणि निळ्या-जांभळ्या टोकाचा प्रकाश एकदम डोळ्यात शिरला की राणी दिसतो. वर्तुळाशिवाय त्याला जागाच मिळाली नसती.

२. प्राथमिक, दुय्यम आणि तृतीय रंग कोणते? लक्षात कसे ठेवायचे?

घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा. १२ वर पिवळा, ४ वर लाल, ८ वर निळा, हे प्राथमिक. त्यांच्या बरोबर मधे दुय्यम: २ वर नारिंगी, ६ वर जांभळा, १० वर हिरवा. उरलेल्या विषम आकड्यांवर तृतीय रंग: १ वर पिवळट नारिंगी (हळदीकडून केशराकडे जाणारा), ३ वर शेंदरी, ५ वर गुलबक्षी, ७ वर गोकर्णाच्या फुलाचा निळा-जांभळा, ९ वर मोरपंखी, ११ वर पोपटी.

बारा घरांचं हे चक्र आज सगळीकडे दिसतं त्याचं बरंचसं श्रेय योहानेस इटेन यांना जातं. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत ते १९१९ ते १९२३ या काळात शिकवत होते. पुढच्या उत्तरांत आकडे येतील ते याच घड्याळाचे.

३. आम्ही लाल-पिवळा-निळा शिकलो. मुलगा म्हणतो मोबाईलमध्ये लाल-हिरवा-निळा असतात. प्रिंटरच्या शाईची नावं तर तिसरीच! खरं कोण?

तिघंही, आपापल्या घरात. मोबाईलचा पडदा स्वतः प्रकाश सोडतो. तिथे रंग मिसळणं म्हणजे प्रकाशात प्रकाशाची भर घालणं. लाल आणि हिरवा प्रकाश एकत्र आले की पिवळा दिसतो, तिन्ही पूर्ण जोरात आले की पांढरा. कागदावरच्या रंगाचं काम उलटं चालतं. तो पांढऱ्या प्रकाशातला काही भाग गिळतो आणि उरलेला परत पाठवतो. जितके रंग कालवाल तितकं गिळणं वाढतं, म्हणून मिश्रण काळपटच होत जातं. या गिळण्याच्या हिशोबात सर्वांत सोयीचे तीन रंग म्हणजे सायन, मॅजेंटा आणि यलो. छापखान्यात आणि प्रिंटरमध्ये हेच तीन असतात, सोबतीला काळा.

लाल-पिवळा-निळा ही चित्रकारांची जुनी, कामचलाऊ आणि अजूनही उपयोगी रीत आहे. अठराव्या शतकात ल ब्लाँ नावाच्या चित्रकाराने या तीन रंगांच्या प्लेट एकावर एक छापून रंगीत चित्रं काढून दाखवली होती. हातात ट्यूब आणि ब्रश असेल तर हे चक्र पुरतं. पत्रिका किंवा बॅनर पडद्यावर तयार करून छापायला देणार असाल तर छापण्याआधी एक नमुना मागून घ्या. पडद्यावरचे काही झगझगीत हिरवे आणि निळे छापील शाईत येतच नाहीत.

यातून निघणारा एक गोंधळ: लालच्या समोरचा रंग रंगपेटीच्या चक्रात हिरवा आहे, पण पडद्याच्या चक्रात निळसर हिरवा, म्हणजे सायन. ॲपने वेगळं उत्तर दिलं म्हणून सरांचं चूक ठरत नाही.

४. रंगचक्र पाहूनच रंग निवडले, तरी जोडी जमत नाही. कुठे चुकतं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर.

चक्र रंगाची एकच बाजू सांगतं: तो लाल आहे, हिरवा आहे की निळा. पण प्रत्येक रंगाला आणखी दोन बाजू असतात. एक म्हणजे तो किती उजळ किंवा गडद आहे. दुसरी म्हणजे तो किती भडक किंवा मंद आहे. अमेरिकन चित्रकार-शिक्षक आल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली या तीन बाजू वेगळ्या काढून मोजण्याची पद्धत मांडली, आणि रंगशास्त्र आजही त्याच वाटेने चालतं.

साधं उदाहरण घ्या. बेबी पिंक, डाळिंबी आणि विटकरी हे तिन्ही चक्रावर लालच्याच आसपास. पण पहिला उजळ, दुसरा गडद आणि भडक, तिसरा मंद. ‘लालवर हिरवा शोभतो’ असं नुसतं म्हटलं तर यातल्या कोणत्या लालवर कोणता हिरवा, हे चक्र सांगत नाही.

माझ्या मते दहापैकी आठ बिघडलेल्या जोड्यांत रंग ठीक असतो आणि उजळ-गडदपणा बिघडलेला असतो. दोन्ही रंग सारखेच गडद किंवा सारखेच फिके असतील तर आकार एकमेकांत बुडतात. हे तपासायला मोबाईल पुरे. चित्राचा, साडी-ब्लाउजचा किंवा भिंतीचा फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाईट करून पाहा. राखाडीत दोन्ही भाग वेगळे दिसले तर जोडी तरते. एकच करडा ठिपका दिसला तर एक रंग उजळा किंवा दुसरा गडद करा. रंग बदलण्याची गरज बहुधा पडत नाही.

५. रंगसंगतीचे मुख्य प्रकार किती आणि कोणते?

एकरंगसंगती: एकच रंग घेऊन त्याच्या उजळ-गडद छटा. निळ्यापासून आकाशीपर्यंत आणि पुन्हा काळपट निळ्यापर्यंत. चुकायला वाव कमी, पण प्रश्न ४ मधली परीक्षा इथे सर्वांत कडक लागते.

संबंधित रंगसंगती: घड्याळावरचे तीन-चार शेजारी. उदाहरणार्थ १०, ११, १२: हिरवा, पोपटी, पिवळा. निसर्गात ही फार दिसते. पिकत आलेलं भाताचं शेत आठवा.

विरोधी रंगसंगती: समोरासमोरचे दोन. १२-६ पिवळा-जांभळा, २-८ नारिंगी-निळा, ४-१० लाल-हिरवा.

हिच्यातच एक मवाळ प्रकार आहे: एक रंग घ्यायचा आणि समोरच्याऐवजी समोरच्याचे दोन शेजारी घ्यायचे. पिवळ्यासोबत जांभळा टाळून ५ आणि ७. विरोध राहतो, पण टोचत नाही.

तिरंगी रंगसंगती: चार-चार घरांच्या अंतरावरचे तीन रंग, जसे १२-४-८ किंवा २-६-१०. चौरंगी: तीन-तीन घरांच्या अंतरावरचे चार. चौरंगी सांभाळणं कठीण असतं. चारही रंग सारख्याच जोराने बोलायला लागले की जत्रा होते, तेव्हा एकाला मोठं ठेवून बाकीचे मंद करावेत.

उष्ण आणि शीत रंगसंगतीसाठी प्रश्न ७ पाहा.

६. एलिमेंटरीच्या संकल्पचित्राला कोणती रंगसंगती घ्यावी? जास्त गुण कशाला?

प्रश्नपत्रिकेत रंगसंगती नेमून दिली असेल तर तीच, वाद नाही. निवड तुमच्यावर असेल तर जी घरी पाच-सहा वेळा पूर्ण करून पाहिली आहे ती. कोणत्याही एका रंगसंगतीला जास्त गुण असतात ही समजूत आहे, नियम नाही. विरोधी रंगसंगती पटकन उठून दिसते म्हणून मुलं तिच्याकडे धावतात आणि मग कागदावर लाल-हिरव्याचे सारखे तुकडे पडतात. त्यापेक्षा एक रंग पार्श्वभूमीला मोठा आणि मंद ठेवा, दुसरा फुलापानांत छोटा आणि भडक. वेळ हातात नसेल तर एकरंगसंगती बरी, कारण एकच रंग कालवून त्यात पांढरा आणि गडद रंग वाढवत जायचं असतं. फक्त निदान चार पायऱ्या स्पष्ट वेगळ्या दिसल्या पाहिजेत.

७. उष्ण आणि शीत रंगांची सीमा कुठे? हिरवा कशात आणि जांभळा कशात?

ढोबळमानाने १२ ते ५ उष्ण, ६ ते ११ शीत. हिरवा आणि जांभळा कुंपणावरचे. पोपटी उष्णाकडे झुकतो, मोरपंखी शीताकडे. गुलबक्षीकडे झुकलेला जांभळा उष्ण, गोकर्णाकडे झुकलेला शीत. परीक्षेच्या कागदावर शंका नको असेल तर पोपटी आणि गुलबक्षी दोन्ही टाळा.

मुळात उष्णपणा तुलनेने ठरतो. क्रिमसन लाल आणि व्हर्मिलियन लाल शेजारी ठेवले तर दोन्ही ‘उष्ण’ घरातले असूनही क्रिमसन थंड वाटतो. प्रश्न ८ चं उत्तर याच्यावरच आहे.

८. लाल आणि निळा कालवला की जांभळा होतो म्हणतात. माझा तर दर वेळी चिखल होतो. रंग खराब आहेत का?

रंग चांगले आहेत, जोडी चुकली आहे. ट्यूबमधला कोणताही लाल शुद्ध लाल नसतो. व्हर्मिलियन पिवळ्याकडे झुकलेला, क्रिमसन निळ्याकडे. निळ्यांतही तसंच: अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकलेला, प्रशियन ब्लू हिरव्याकडे. व्हर्मिलियनमध्ये प्रशियन ब्लू घातलात की लाल आणि निळ्यासोबत गुपचूप पिवळाही आत आला. तिन्ही प्राथमिक एकत्र आले म्हणजे तपकिरी चिखल ठरलेला.

स्वच्छ जांभळा हवा असेल तर क्रिमसन आणि अल्ट्रामरीन, दोघंही जांभळ्याच्या बाजूचे. स्वच्छ हिरव्यासाठी लेमन यलो आणि प्रशियन ब्लू. झळाळत्या नारिंगीसाठी क्रोम यलो किंवा गॅम्बोज आणि व्हर्मिलियन. म्हणजे प्रत्येक प्राथमिक रंगाच्या दोन ट्यूब, एकूण सहा, शिवाय पांढरा. बारा-चोवीसच्या डबीपेक्षा हा संच हाताला जास्त शिकवतो, असं माझं ठाम मत आहे.

चिखलाचाही उपयोग असतो. झाडाचं खोड, जुनी भिंत, पावसाळी आभाळ रंगवताना हेच ‘चुकीचे’ जोड मुद्दाम वापरतात.

९. पिवळ्याची गडद छटा करायला काळा घातला तर तो हिरवट झाला. असं का?

काळ्या रंगद्रव्यांचा कल बहुतेक वेळा निळसर असतो, आणि पिवळा इतका उजळ असतो की थोडासा निळेपणाही त्याला हिरव्याकडे ओढतो. शेवाळी किंवा मेहंदी रंग हवा असेल तर हाच जोड झकास. पण केळीच्या सालीची किंवा पितळेच्या तांब्याची सावली रंगवायची असेल तर काळा बाजूला ठेवा. आधी यलो ऑकर (मातकट पिवळा), मग बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अगदी गडद जागी जांभळ्याचा थेंब. जांभळा पिवळ्याच्या समोरचा असल्यामुळे तो पिवळ्याचं तेज मारतो.

याच कारणाने बरेच शिक्षक काळा रंग डबीतून काढून ठेवायला सांगतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कालवून होणारा गडद रंग काळ्याची जागा घेतो, आणि त्यात निळं-तपकिरी कमी-जास्त करून सावली थंड किंवा उबदार करता येते.

१०. तपकिरी, राखाडी, गुलाबी हे चक्रात का दिसत नाहीत?

दिसतात, वेगळ्या वेषात. तपकिरी म्हणजे गडद आणि मंद नारिंगी. गुलाबी म्हणजे पांढऱ्याने उजळलेला लाल किंवा गुलबक्षी. आमसुली म्हणजे काळपट लाल-जांभळा. चक्रावर सहसा भडक रूपंच काढतात, म्हणून ही मंडळी सापडत नाहीत. राखाडी, काळा आणि पांढरा मात्र खरोखर चक्राबाहेरचे, तटस्थ.

याचा फायदा असा: तपकिरी सोफ्यासोबत कोणता पडदा, असा प्रश्न पडला की सोफ्याला नारिंगी समजा. समोर निळा. म्हणून मंद निळा, पारवा किंवा जीन्सचा निळा तपकिरीवर जवळजवळ नेहमी बसतो.

११. विरोधी रंग शेजारी ठेवले की डोळ्यांना टोचतात. मग हिरव्या साडीला लाल काठ इतका कसा शोभतो?

आधी टोचण्याचं कारण. लाल आणि हिरवा दोन्ही भडक असतील आणि दोन्ही सारखेच उजळ असतील, तर त्यांच्या सीमेवर डोळा स्थिरावत नाही आणि कड थरथरल्यासारखी वाटते. म्हणजे नुसत्या विरोधामुळे त्रास होत नाही, सारख्या उजळपणामुळे होतो.

आता हिरवीगार पैठणी पाहा. काठ आणि पदरावर जरीचा पट्टा असतो. ही जर लाल आणि हिरव्याच्या मधे बांधासारखी बसते, दोन्ही रंगांना थेट भिडू देत नाही. दुसरं, अंगाचा हिरवा आणि काठाचा लाल यांचं क्षेत्रफळ सारखं नसतं. एकजण यजमान, दुसरा पाहुणा. तिसरं, हिरवा बहुधा गडद असतो आणि राणी किंवा लाल त्याहून तेजाळ, किंवा उलट. इरकलीच्या काठापदरातही हाच हिशोब सापडेल. विणकरांनी चक्र समोर ठेवून हे केलं नाही, पण केलं ते चक्राला धरूनच.

क्षेत्रफळाचा एक ठोकताळाही आहे. जर्मन कवी ग्योथे यांनी १८१० साली रंगांवर ग्रंथ लिहिला. रंगांच्या उजळपणाचे हे आकडे त्यांच्या नावाने सांगितले जातात: पिवळा ९, नारिंगी ८, लाल ६, हिरवा ६, निळा ४, जांभळा ३. त्यावरून समतोलासाठी जागा किती द्यायची हे इटेन यांनी काढलं. पिवळा एक भाग तर जांभळा तीन. नारिंगी एक तर निळा दोन. लाल-हिरवा सारखे. हे पूर्ण भडक रंगांचं गणित आहे, रंग मंद केले की बदलतं. आणि समतोल म्हणजे देखणेपण असंही नाही. लाल-हिरवा निम्मे-निम्मे घेतलेली साडी गणितात बसली तरी मी कुणाला सुचवणार नाही.

१२. झेंडू आणि आंब्याची पानं ही विरोधी रंगसंगती आहे का?

नाही. नारिंगी २ वर, हिरवा १० वर. दोघांत चार घरांचं अंतर. ही तिरंगी रंगसंगतीची दोन टोकं आहेत, आणि तिसरं टोक ६ वर, म्हणजे जांभळं. दसऱ्याच्या तोरणात मधे मधे जांभळ्या ॲस्टरची फुलं ओवून पाहा. झेंडूचा विरोधी रंग निळा, म्हणून निळ्या दारावरचा झेंडू जास्त पेटलेला दिसतो.

१३. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस अगदी जुळला होता. घरी आल्यावर साडी वेगळी, पीस वेगळा. दुकानदाराने फसवलं का?

बहुतेक वेळा फसवतो तो दुकानातला दिवा. आपला डोळा रंग ओळखायला तीन प्रकारच्या पेशी वापरतो आणि प्रकाशाची सगळी गुंतागुंत तीन संकेतांत गोळा करतो. त्यामुळे पूर्ण वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली दोन कापडं एका दिव्याखाली तेच तीन संकेत देऊ शकतात, म्हणजे हुबेहूब जुळतात. दिवा बदलला की प्रकाशाची घडण बदलते आणि संकेत वेगळे होतात. तुमची साडी रेशमी, तिचा रंग एका रसायनाचा. टू बाय टूचा पीस सुती, त्याचा रंग दुसऱ्याच रसायनाचा. ट्यूबलाईटखाली जमलेली सोयरीक उन्हात तुटते. पारवा, आमसुली, शेवाळी, मोतिया अशा मंद रंगांत ही तफावत पटकन डोळ्यात भरते.

उपाय जुनाच आहे: पीस घेऊन दाराशी, उजेडात जा. पण तेवढ्यावर थांबू नका. साडी रात्रीच्या रिसेप्शनला नेसायची असेल तर पिवळ्या दिव्याखालीही पाहा. दोन्ही ठिकाणी जमलं तरच कापायला सांगा. आणखी एक: साडी हातात धरून जशी पडेल तशी घडी घालून बघा. रेशमाची चकाकी कोनाप्रमाणे बदलते, सुती पीस चकाकत नाही. सपाट टेबलावर दोन्ही एकसारखे वाटले तरी अंगावर फरक पडतो.

धूपछाव साडीला अचूक जुळणी शोधूच नका. तिच्यात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे घडीघडीला रंग पालटतो. त्या दोन धाग्यांपैकी एकाचा रंग पकडा, बहुधा गडद असेल तो.

१४. शेड कार्डवर फिका वाटलेला रंग भिंतीवर भडक झाला. पेंटरने चुकीचा डबा आणला का?

डब्यावरचा क्रमांक तपासा, पण बहुधा तो बरोबर निघेल. शेड कार्डवर रंग दोन बोटांएवढा असतो आणि भोवती पांढरा कागद. तोच रंग चार भिंतींवर चढला की एका भिंतीचा उजेड दुसरीवर पडतो, परत फिरतो आणि प्रत्येक फेरीत रंग आणखी गडद, आणखी भडक होतो. लहान खोलीत हे जास्त जाणवतं. म्हणून कार्डवर जो आवडला त्याच्याहून एक-दोन पायऱ्या फिका आणि जरा राखटलेला निवडा. सॅम्पलचा छोटा डबा मिळत असेल तर मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर वेगवेगळ्या भिंतींना टेकवून पाहा. थेट भिंतीवर ठिगळ मारलं तर भोवतीचा जुना रंग निवाड्यात ढवळाढवळ करतो (प्रश्न १६).

दिव्यांचाही विचार आधी करा. वॉर्म व्हाईट एलईडी निळसर भिंतीला मळकट करतो, कूल डेलाईट मोतिया आणि श्रीखंडी भिंतीतला गोडवा काढून घेतो.

१५. ६०-३०-१० हा नियम खरा आहे का?

ठोकताळा आहे. खोलीचा सुमारे ६० टक्के भाग एका रंगाचा, ३० टक्के दुसऱ्याचा, १० टक्के तिसऱ्याचा. त्याचं सार असं की तिन्ही रंगांना सारखी जागा देऊ नका. टेप घेऊन मोजत बसू नये.

१६. एकच राखाडी दोन ठिकाणी लावला, एका जागी निळसर आणि दुसऱ्या जागी पिवळट दिसतो. डोळे तपासू का?

डोळे उत्तम काम करत आहेत. कोणताही रंग आपल्या शेजाऱ्यावर स्वतःच्या विरोधी रंगाची छाया टाकतो. नारिंगीच्या कुशीतला राखाडी निळसर वाटतो, जांभळ्याच्या कुशीतला पिवळट.

याची पद्धतशीर उकल मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केली. पॅरिसच्या गोबलँ या प्रसिद्ध गालिचे-भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात ते १८२४ मध्ये रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तिथे तक्रार होती की निळ्या-जांभळ्या भागांतल्या सावल्यांसाठी वापरलेला काळा धागा फिका पडतो. त्यांनी धागा तपासला, तर रंगाईत काही दोष नव्हता. शेजारचा निळा-जांभळा त्या काळ्याला फिका पाडत होता. यावरचं त्यांचं पुस्तक १८३९ साली आलं आणि पुढे फ्रान्समधल्या चित्रकारांनी ते मन लावून वाचलं.

डोळ्याचा हाच स्वभाव घरी पाहता येतो. लाल कागदाकडे अर्धा मिनिट टक लावा, मग पांढऱ्या भिंतीकडे बघा. निळसर हिरवा डाग तरंगेल. शस्त्रक्रियेच्या खोलीत हिरवे-निळे कपडे घालतात त्यात हाही हिशोब आहे. सतत लाल पाहून उठणारे हे डाग पांढऱ्या कापडावर त्रास देतात, हिरव्यावर विरून जातात.

१७. रांगोळीत पिवळा आणि निळा कालवला तर हिरवा राखट होतो. जलरंगात तर छान होतो!

जलरंगात रंगाचे कण पाण्यात विरघळल्यासारखे पसरतात आणि प्रकाश दोन्हींच्या थरांतून जातो, म्हणून प्रश्न ३ मधलं गिळणं नीट होतं. रांगोळीचे दाणे मोठे असतात आणि शेजारी-शेजारी पडून राहतात. बरीचशी बेरीज डोळ्यात होते, आणि पिवळ्या-निळ्याची अशी सरासरी राखाडीकडे जाते. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी एकोणिसाव्या शतकात पिवळ्या-निळ्या पट्ट्यांची चकती फिरवून हेच दाखवलं होतं. रांगोळीत हिरवा विकतच घ्या. छटा उजळायला पांढरी रांगोळी कालवायला मात्र काहीच हरकत नाही.

१८. वारलीत गेरूवर नुसता पांढरा असतो. एवढ्याला रंगसंगती म्हणायचं का?

म्हणायचं. एक रंग आणि एक तटस्थ. गेरूची भिंत म्हणजे मंद, गडद नारिंगी-लाल, तिच्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा. सगळा भार उजळ-गडद फरकावर आहे, म्हणून काडीएवढी माणसंही लांबून ओळखू येतात. वारलीच्या नावाखाली चार-पाच रंग भरून दिलेली चित्रं का गोंधळलेली वाटतात, त्याचं उत्तर प्रश्न ४ मध्ये आहे.

१९. मुलाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. चित्रकला सोडायला लावावी का?

आधी नेत्रतज्ज्ञांकडून खात्री करून घ्या. ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायला लावणारी चाचणी असते. जपानी डॉक्टर इशिहारा यांनी ती १९१७ च्या सुमारास तयार केली. हा प्रकार मुलींपेक्षा मुलांत खूप जास्त आढळतो, कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. मुलांकडे ते एकच असतं.

चित्रकला सोडायचं कारण नाही. अशा मुलांना उजळ-गडद फरक बहुतेक वेळा चांगला कळतो, आणि चित्र उभं राहतं ते त्यावर. ट्यूबवरची नावं ठळक लिहा, रंगथाळीत प्रत्येक रंगाची जागा कायमची ठरवा आणि ती कधी हलवू नका. रंगसंगती निळ्या-नारिंगीच्या किंवा निळ्या-पिवळ्याच्या बाजूने निवडा. हा फरक त्याला सहसा दिसतो. परीक्षेला बसवणार असाल तर नाव न पुसलेल्या ट्यूबच द्या, आणि डबी दुसऱ्या मुलासोबत अदलाबदल होणार नाही हे त्याला बजावून ठेवा.